द्राक्षारसाचे रसग्रहण

मराठी समीक्षेत ‘रसग्रहण’ हा शब्द आपण सर्रास वापरतो. कवितेचे रसग्रहण होते, कादंबरीचे होते, शाळेच्या प्रश्नपत्रिकेतही त्याला गुण असतात. हा शब्द मुळात जिभेचा आहे, याची आठवण मात्र क्वचितच होते. भरतमुनींनी ‘नाट्यशास्त्रा’त रस म्हणजे काय हे समजाविताना नाना व्यंजनांनी युक्त असे अन्न चवीने सेवन करणाऱ्या माणसाचा दृष्टान्त घेतला आहे. सेमिनरीत आम्हांला शिकविलेल्या लॅटिन भाषेतही हीच गोष्ट आढळते. ‘सापिएन्शिया’ म्हणजे शहाणपण. आणि हा शब्द ज्या ‘सापेरे’ या क्रियापदापासून आला, त्याचा एक अर्थ चव असणे, चव घेणे असा आहे. एकमेकींपासून इतक्या दूरच्या दोन परंपरांनी कला व शहाणपण यांचे नाते जिभेशी जोडावे, आणि आपण मात्र जिभेला खालच्या पायरीचे इंद्रिय मानून तिला कधी शिकवूच नये, ही विसंगती आम्हांस पुष्कळ दिवस जाणवत होती. एका साध्या प्रसंगाने तिचा विचार करणे भाग पडले.

नाताळानंतरच्या एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने आम्हांला जेवावयास बोलाविले होते. घरचा मुलगा जहाजावर नोकरीला. त्याने परदेशातून तांबड्या वाइनची एक बाटली आणली होती आणि वाइन कशी चाखावी हे शिकविणारे एक इंग्रजी पुस्तकही. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे त्याने पेला तिरका धरला, गोल फिरविला, त्यात नाक घातले आणि बाटलीच्या पाठीवर चिकटविलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखविला. त्यात ब्लॅककरंट होते, सीडारचे लाकूड होते, सिगारची पेटी होती. “फादर, तुम्हांला ब्लॅककरंट लागतं का?” त्याने विचारले. आम्ही मान डोलाविली. ब्लॅककरंट हे फळ आम्ही आयुष्यात पाहिलेले नाही.

त्याची आई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. घरात बाटली उघडली की ती आत जाते, हे आम्हांला ठाऊक होते. तिच्या पतीचा अंत्यविधी आम्हीच केला होता. तो अकाली कशाने गेला हे साऱ्या गावाला माहीत आहे. मुलाने थट्टेने पेला तिच्या नाकाशी नेला. तिने तो दूर लोटला नाही. क्षणभर वास घेतला आणि म्हणाली, “जांभूळ आहे. झाडाखाली पडून पावसात भिजलेलं.” मग ती आत निघून गेली.

आम्ही पुन्हा नाक लाविले. जांभूळच होते.

हा प्रसंग त्या घरच्यांच्या संमतीने येथे नमूद केला आहे, कारण वाइनच्या आस्वादाविषयी आम्हांस जे म्हणावयाचे आहे ते सारे त्यात आले आहे. त्या टेबलावर पुस्तक होते, बाटलीवरचा मजकूर होता, सुशिक्षित मुलगा होता आणि एक धर्मगुरूही होता. रसग्रहण मात्र जिने एक थेंबही घेतला नाही तिने केले. असे का व्हावे? आणि ज्या समाजात दारूने इतकी घरे धुळीस मिळविली, तेथे हे शास्त्र शिकवावे तरी का? हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे वाटले तरी त्यांचे उत्तर एकच आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. वाइनचे वर्णन करणारी भाषा म्हणजे केवळ श्रीमंतांची पोपटपंची, असा एक पक्ष आहे. तो पूर्णपणे खरा नाही. ‘सोव्हिन्यों ब्लां’ या द्राक्षाच्या वाइनला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो असे जाणकार म्हणतात, तेव्हा ते अलंकार वापरीत नसतात. ढोबळी मिरचीला तिचा वास देणारे द्रव्य त्या द्राक्षातही खरोखर असते. ‘शिराझ’च्या काही वाइनमध्ये काळ्या मिरीचा भास होतो. त्याचे कारण असलेले रोटंडोन नावाचे द्रव्य ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केले, आणि तेच द्रव्य मिरीच्या दाण्यातही सापडले. म्हणजे उपमान आणि उपमेय येथे एकाच पदार्थाने बांधलेले आहेत. असे भाग्य कवींच्याही वाट्याला सहसा येत नाही.

या भाषेला शिस्त लावण्याचा एक मोठा प्रयत्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधिका ॲन नोबल यांनी केला. १९८४ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाइनच्या गंधांची परिभाषा मांडली. पुढे ती ‘गंधचक्र’ म्हणून प्रसिद्ध झाली. चक्राच्या मध्यभागी ‘फळासारखा’, ‘मसाल्यासारखा’, ‘मातीसारखा’ असे मोठे वर्ग आहेत. बाहेरच्या वर्तुळात एकेका फळाचे, एकेका मसाल्याचे नाव येते. ‘सुंदर’, ‘डौलदार’, ‘थोर’ अशा स्तुतिपर शब्दांना त्यात स्थान नाही. आमच्या मराठी पुस्तक-परीक्षणांतून असे शब्द वर्षभर वगळले, तर कित्येक परीक्षणांत लेखकाचे नाव आणि किंमत एवढेच उरेल!

परंतु या चक्राचा जो उपयोग होतो, त्यात एक दोष शिरला आहे. नोबल यांच्या पद्धतीत शब्द शिकण्यापूर्वी वास शिकावयाचा असतो. साध्या वाइनच्या पेल्यांत मिरचीचा तुकडा, लवंग, फळाचा रस असे काही घालून नाकाला प्रत्यक्ष ओळख करून द्यावयाची, आणि मग तो शब्द वापरावयाचा. आम्ही पद्धत मागे ठेवली आणि तेवढे शब्द उचलले. परक्या स्वयंपाकघरातील फळांची नावे आम्ही पाठ केली आणि स्वतःच्या अंगणातील जांभूळ विसरलो. मराठी साहित्याला हा रोग नवा नाही. बाहेरून आलेल्या वादांची नावे कवितेला चिकटवून कविता समजल्याचे समाधान आमच्या समीक्षेने पुष्कळदा मिळविले आहे.

वास्तविक आपली भाषा या कामी गरीब नाही. पाश्चात्त्य शास्त्र गोड, आंबट, खारट, कडू आणि अलीकडे उमामी अशा चवी मोजते. आपल्याकडील षड्रसांत ‘कषाय’ म्हणजे तुरट ही स्वतंत्र चव आहे. द्राक्षाची साल व बी यांतील टॅनिन लाळेतील प्रथिनांशी जोडले जाते आणि जीभ कोरडी पडल्यासारखी, आकसल्यासारखी होते. म्हणून शास्त्रज्ञ तुरटपणाला चवीऐवजी स्पर्शात गणतात. त्यांचे म्हणणे शास्त्रदृष्ट्या बरोबर असेल. पण तांबड्या वाइनचा कणा असलेला हा गुण ओळखण्यासाठी मराठी माणसाला पुस्तकाची गरज नाही. आवळा, सुपारी, कच्चे केळे, जांभूळ यांनी त्याची जीभ लहानपणीच तयार केलेली असते. वासांसाठी तर खमंग, खरपूस, धुरकट, मातकट, कुबट, खवट, उग्र असे कितीतरी शब्द आहेत. बुचाच्या दोषाने बिघडलेल्या वाइनला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. त्यासाठी ‘कुबट’ याहून नेमका शब्द आम्हांला सुचत नाही. हे शब्द आमच्या आयाबहिणींच्या रोजच्या बोलण्यात आहेत. अडचण एवढीच, की त्यांना आपण ‘टीकाकार’ म्हणून कधी विचारलेले नाही.

दुसरा दोष डोळ्यांचा आहे. फ्रान्समधील बोर्दो विद्यापीठात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला तांबडा रंग मिसळून ती त्यांना दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनसाठी वापरतात त्या शब्दांत केले. यावरून ते लबाड होते असे ठरत नाही. डोळ्यांनी आधीच निकाल दिला आणि नाकाने त्यावर सही केली, एवढेच ठरते. लेखकाचे नाव मुखपृष्ठावर वाचल्यानंतर पुस्तकातील दोष दिसेनासे होतात, तो हाच प्रकार. अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांच्यामुळे लोकप्रिय झालेल्या शंभर गुणांच्या पद्धतीने तर या आजारात भर घातली. एकदा बाटलीवर ९३ हा आकडा लागला, की पिणाऱ्याची जीभ फक्त त्या आकड्याला दुजोरा शोधत राहते.

मग घरी शिकावे कसे? या विषयावरील पुस्तकांपैकी बोर्दोचे वाइनशास्त्रज्ञ एमिल पेनो (१९१२–२००४) यांचे, १९८० साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झालेले व पुढे इंग्रजीतही आलेले ‘वाइनची चव’ हे पुस्तक आम्हांस सर्वांत प्रामाणिक वाटते. त्याचा मोठा गुण असा, की ते चाखणाऱ्याला बाटलीपासून दूर नेते आणि चवींच्या मुळाक्षरांपाशी आणून बसविते. गोड, आंबट, कडू, तुरट या चवी वेगवेगळ्या ओळखता आल्याशिवाय त्यांचा तोल कळणार नाही, आणि वाइनची योग्यता मुख्यतः या तोलात आहे, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा. गोडी ही आंबटपणा व कडवटपणा यांना सावरून धरते. त्यांतील एक पारडे खाली गेले की वाइन गुळमट तरी होते किंवा कठोर तरी.

हा धडा आपल्या स्वयंपाकघरात एक पैसाही जास्त खर्च न करता गिरविता येतो. चार पेले घ्यावेत. एकात साधे पाणी, दुसऱ्यात साखरेचे, तिसऱ्यात चिंचेचे, चौथ्यात थंड केलेला कडक कोरा चहा. लिंबाऐवजी चिंचच घ्यावी, कारण चिंचेतील प्रमुख आम्ल आणि द्राक्षातील प्रमुख आम्ल एकच, टार्टारिक. आंबटाने जिभेच्या कडांशी लाळ सुटते, चहाने हिरड्या कोरड्या पडतात, हे लक्षपूर्वक पाहावे. मग चिंचेच्या पाण्यात थोडी थोडी साखर घालीत जावे आणि कोणत्या क्षणी दोन्ही चवी एकमेकींना सांभाळून घेतात ते टिपावे. त्यानंतर नाक चिमटीत धरून मिरी किंवा वेलची चावावी व थोड्या वेळाने नाक सोडावे. आपण ज्याला चव म्हणतो तिचा केवढा मोठा भाग घशामागून नाकाकडे जाणाऱ्या वाटेवर असतो, हे एका क्षणात कळते. येथपर्यंत मद्याचा एक थेंबही लागलेला नाही, आणि शिक्षण मात्र निम्मे झाले आहे.

ज्यांच्या घरी वाइन घेतली जाते, त्यांनी पुढचा भाग करावा. तोंडाशी निमुळता होणारा पेला घेऊन तो तिसरा हिस्साच भरावा. तांबडी वाइन ‘खोलीच्या तपमानाला’ द्यावी हा नियम डोळे झाकून पाळू नये. तो युरोपातील जुन्या, थंड घरांच्या खोल्यांचा आहे. आपल्याकडे मे महिन्यात खोलीचे तपमान तीस अंशांवर जाते, आणि त्या उष्णतेत मद्यार्काच्या उग्र वासाखाली बाकी सारे दबून जाते. बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून काढावी. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळावे व दुसऱ्या कोणी ओतावे. तीन पेल्यांपैकी दोहोंत एकच वाइन आणि तिसऱ्यात वेगळी ठेवून वेगळी कोणती ते ओळखण्याचा प्रयत्न करावा. गर्व उतरविण्यास याहून चांगला उपाय आम्हांला ठाऊक नाही. घोट लहान असावा, तो तोंडात फिरवावा आणि शेजारच्या भांड्यात टाकून द्यावा. या व्यवसायातील माणसे दिवसाकाठी अनेक वाइन चाखतात ती अशीच. सरतेशेवटी प्रत्येकाने इतरांशी न बोलता आपला एक शब्द कागदावर लिहावा. आणि जे फळ आपण खाल्लेले नाही त्याचे नाव लिहू नये. संत इग्नेशियस यांनी आपल्या साधनाग्रंथाच्या आरंभीच सांगून ठेवले आहे, की पुष्कळ जाणल्याने आत्मा तृप्त होत नाही, थोडेच पण आतून चाखल्याने होतो. एकाच वाइनचा एकच वास खरोखर ओळखता आला, तरी ती संध्याकाळ वाया गेली नाही असे समजावे.

येथे आम्हांला काना गावचे लग्न आठवते. संत योहानाच्या शुभवर्तमानातील या कथेवर आम्ही पुष्कळ प्रवचने दिली. पण तिच्यात एक वाइन-परीक्षक आहे, हे आमच्या लक्षात आले नव्हते. सहा दगडी रांजणांतील, आजच्या मापाने सुमारे पाचशे ते सातशे लिटर, पाण्याचा द्राक्षारस झाला आहे. भोजनकारभारी तो चाखतो. तो कोठून आला हे त्याला माहीत नाही, असे योहान मुद्दाम सांगतो. माहीत आहे ते पाणी काढणाऱ्या नोकरांना. म्हणजे बाटलीला कागद गुंडाळलेला आहे! कोणी सांगितलेले नसता, केवळ जिभेच्या साक्षीने, तो माणूस हा द्राक्षारस उत्तम आहे असा निर्णय देतो आणि तो निर्णय खरा ठरतो. शिवाय तो जगाची रीतही बोलून दाखवितो, की लोक आधी चांगला रस वाढतात आणि पाहुणे भरपूर प्यायल्यावर हलका पुढे करतात. या बोलण्यात थोडी थट्टा असली, तरी त्यात एक कठोर सत्य आहे. जो धुंद झाला त्याला उत्तम आणि सामान्य यांतील फरक कळत नाही. नशा ही आस्वादाची पुढची पायरी नव्हे. ती आस्वादाचा मृत्यू आहे.

वेदीवर मात्र याच्या उलट घडते. पवित्रीकरणानंतर चषकात रंग, वास, चव ही द्राक्षारसाचीच राहतात, पण तत्त्व बदललेले असते. संत थॉमस ॲक्विनास यांच्या नावे असलेल्या स्तोत्रात म्हटले आहे, की तेथे दृष्टी, स्पर्श, रुची ही सारी फसतात आणि केवळ ऐकलेल्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. कानात जीभ साक्षीदार आहे, वेदीवर तिला नम्र व्हावे लागते. दोन्हींतून शिकावयाचे ते एकच, की जिभेला तिचे काम द्यावे आणि तिची मर्यादाही दाखवावी. धर्मशास्त्र संहितेच्या ९२४ व्या कलमान्वये मिस्सासाठीचा द्राक्षारस द्राक्षांचा, नैसर्गिक व न बिघडलेला असावा लागतो. तो बिघडला आहे की नाही हे ओळखण्यापुरती तरी आमची जीभ तयार आहे काय, असा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला. इतकी वर्षे रोज सकाळी चषक ओठांना लावूनही उत्तर देताना आम्हांस संकोच झाला.

आता शेवटचा आणि अवघड प्रश्न. २०२२ च्या जानेवारीत महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइनविक्रीला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा मोठे वादळ उठले. एका बाजूने द्राक्ष-उत्पादक शेतकऱ्याचे हित मांडले, दुसऱ्या बाजूने उद्ध्वस्त संसार मांडले. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असा युक्तिवाद आम्हांला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. वाइनमध्ये साधारण बारा ते चौदा टक्के मद्यार्क असतो आणि यकृताला पेल्याचा आकार कळत नाही. संत पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यावयास सांगितले, त्याचा आधार घेऊन वाइनला औषध म्हणणाऱ्यांनी, मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली केलेले निवेदनही वाचावे. तेव्हा आरोग्याच्या नावाने कोणी आस्वादाचे समर्थन करू नये.

आणि ज्याला व्यसनाने एकदा धरले, त्याच्यासाठी वरील पाठाचा दुसरा भाग नाहीच. ‘मी फक्त चाखतो’ या वाक्याने सुरू झालेल्या कहाण्यांचा शेवट आम्ही दफनभूमीत पाहिलेला आहे. सुशिक्षित जीभ व्यसनापासून वाचविते असे आम्ही म्हणणार नाही. जाणकारही बुडालेले आहेत. ख्रिस्तसभेनेही हे ओळखले आहे. ज्या धर्मगुरूला थोडाही द्राक्षारस घेता येत नाही, त्याला आपल्या बिशपांच्या परवानगीने मिस्सात ‘मुस्तुम’ म्हणजे आंबण्याची क्रिया जेमतेम सुरू होताच थांबविलेला द्राक्षांचा रस वापरता येतो. धर्मतत्त्व मंडळाने २००३ साली ही गोष्ट स्पष्ट केली. जेथे द्राक्षारस अनिवार्य आहे, तेथे वेदीनेच जर दुर्बळ भावासाठी जागा केली, तर आपल्या नाताळच्या टेबलाने ती का करू नये? आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी नाताळपूर्वी बरणीत द्राक्षे मुरत घालतात. ती बरणी उघडताना शेजारी कोकम सरबताचा पेलाही असावा, आणि तो घेणाऱ्याला कारण विचारले जाऊ नये.

मग हे शिक्षण कशासाठी? ज्याने चव घ्यावयाची, त्याला थांबावे लागते, निवडावे लागते, खरे बोलावे लागते आणि जे मिळाले त्याबद्दल कृतज्ञ असावे लागते. ही चार कामे ज्या जिभेला जमतात, ती भाताच्या पेजेलाही न्याय देते आणि कवितेलाही. त्यासाठी वाइन हे एक निमित्त आहे, अट नव्हे. त्या माउलीने हे आम्हांला दाखवून दिले.

काही दिवसांनी ती चर्चच्या आवारात भेटली, तेव्हा आम्ही तिला विचारले, की तिने जांभूळ कसे ओळखले. तिला प्रश्नाचेच नवल वाटले. “वीस वर्षं जांभळं घेऊन बाजारात बसले, फादर,” ती म्हणाली. “टोपलीत एक फळ नासलं तर हात घालायच्या आधी नाकाला कळतं.” थोडे थांबून ती पुढे म्हणाली, “त्यांच्या तोंडाला कधी असा वास आला नाही. ते काय पीत होते, त्यांनाच ठाऊक नव्हतं.”

यावर भाष्य करण्याचा अधिकार आम्हांला नाही. आम्ही एवढेच केले, की पुढच्या भेटीत तिच्या मुलाला सांगितले : त्या संध्याकाळी आम्हांला ब्लॅककरंट लागले नव्हते.